डॉक्टर, म्हणजे कोंबडीत कोरोना आहेच ना?

मार्च २०२० चा पहिला आठवडा. धुळवड तोंडावर आलेली. एरवी या दिवसांत कोंबड्यांच्या शेडवाल्याचा फोन वाजला की व्यापारी जास्त पक्षी मागतोय, एवढंच ऐकायची सवय. त्या सकाळी दिंडोरी तालुक्यातल्या एका गावातून तात्यांचा फोन आला. "डॉक्टर, व्यापाऱ्याची गाडी गावाबाहेर अडवलीय. पोरांनी रस्त्यात ट्रॅक्टर आडवा लावलाय. कोरोनाच्या कोंबड्या गावातून न्यायच्या नाहीत म्हणतात. मोबाइलवर कसलासा फोटो आलाय."

मी खाद्य कंपनीचा पशुवैद्य. तात्या करारावर नाही, स्वतःच्या पैशानं बॅच घेतात. बुडालं तर सगळं त्यांचंच. ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेला पक्षी, ४०-४२ दिवसांत विक्रीला येतो, पुढे ठेवला की नुसता खातो. तात्यांचे पक्षी ते दिवस ओलांडून गेलेले. किलोला ७०-७५ रुपये खर्च आणि भाव १० ते १५ वर आलेला. तरी गाडी आली म्हणून ते खूश होते, यावरून काय ते समजा.

पोहोचलो तेव्हा पारावर पन्नासेक माणसं जमलेली. द्राक्षांची काढणी सोडून लोक आलेत म्हणजे प्रकरण साधं नाही. सरपंच, पोलीस पाटील, दोन-तीन म्हातारी मंडळी आणि मोबाइल हातात घेतलेली पोरं. शेड बंद करायचा ठराव लिहायचीच तयारी होती. मी म्हटलं, लिहा, पण आधी तो फोटो दाखवा.

फोटो बघितला आणि ओळखीचा माणूस भेटावा तसं झालं. सोललेली कोंबडी, मांडीच्या मांसात लालभडक रेघोट्या. हा गंबोरो रोग. पिल्लांना दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ज्याची लस देतो, तो. माणसाला होत नाही. माझ्या मोबाइलमध्ये असले फोटो ढिगानं आहेत, शवविच्छेदन करताना काढलेले. शोधून २०१६ चा एक काढला आणि दोन्ही मोबाइल शेजारी धरले. तीच मांडी, त्याच रेघोट्या. खाली तारीख. "तेव्हा कोरोनाचं नाव ऐकलं होतं का कुणी?" मोबाइल हातोहात फिरला. आजोबा लोकांनी चष्मे पुसून पाहिला.

मग विचारलं, हा आला कुठून? मेसेजच्या वर दोन बाणांची खूण होती, म्हणजे पुष्कळ हातांतून फिरलेला. ज्याच्याकडून आला त्याला स्पीकरवर फोन लावायला सांगितलं. ओझरचा मावसभाऊ म्हणाला, कारखान्यातल्या ग्रुपवर आला. ग्रुपवाला म्हणाला, मेहुण्यानं टाकला. मेहुणा म्हणाला, "मलाही आलाय राव, काळजी वाटली म्हणून पुढे पाठवला." बरं, या साखळीतला एकही माणूस वाईट नव्हता. जो तो आपल्या माणसांच्या काळजीनंच पाठवत होता, आणि म्हणूनच तो थांबत नव्हता.

इथवर जमलं होतं. तेवढ्यात मागून बी.फार्म. करणारा एक पोरगा उठला. "डॉक्टर, तुम्ही पिल्लांना आयबीची लस देता ना? इन्फेक्शियस ब्रॉन्कायटिस. मी आत्ताच बघितलं, तो कोरोना व्हायरसच आहे. म्हणजे कोंबडीत कोरोना आहेच ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आमच्या धंद्यातल्या ग्रुपांवर आठवडाभर एक मेसेज फिरत होता: कोंबडीत कोरोना नसतोच, बिनधास्त खा. तो मी एकदाही पुढे पाठवला नव्हता, कारण तो खोटा आहे. आपल्या फायद्याचा खोटेपणा लोकांना खोटेपणा वाटत नाही, ही आमच्याही लोकांची अडचण. पारावर उभा राहून मी "नसतोच" म्हटलं असतं, तर त्या पोरानं मोबाइल पुढे केला असता आणि तात्यांचं शेड त्याच दिवशी बंद झालं असतं.

म्हटलं, "बरोबर आहे तुझं. आहे." गलका झाला. पोलीस पाटलांनी हात वर करून थांबवला. मी सांगितलं: कोरोना हे एका विषाणूचं नाव नाही, आडनाव आहे. कोंबडीतला कोरोना १९३० च्या दशकात अमेरिकेत सापडला. पक्ष्याला सर्दी-खोकला होतो, अंडी घटतात, मर होते. आमची डोकेदुखी तो आहेच. पण इतक्या वर्षांत तो माणसाला झाल्याचं दिसलेलं नाही. रोज पिल्लं हाताळणारे, लस डोळ्यात टाकणारे आम्ही, आम्हाला झाला असता तर आधी. चीनमधून आलेला तो वेगळा, तो माणसाकडून माणसाला जातोय. म्हणजे तात्यांच्या शेडपेक्षा असं खांद्याला खांदा लावून पारावर बसणं जास्त धोक्याचं. दोन-चार जण खरंच सरकून बसले.

आशाताई तोवर गप्प होत्या. गावानं गोवर-रुबेलाच्या लसीच्या वेळी, २०१८ च्या शेवटी, त्यांना काय काय ऐकवलं होतं ते त्या विसरल्या नव्हत्या. "तेव्हाही असंच मोबाइलवर आलं होतं. एका तरी पोराला काही झालं का गावात?" एवढंच म्हणाल्या. माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा ते जास्त लागलं. मी बाहेरचा, त्यात खाद्य विकणाऱ्या कंपनीचा. त्या रोज दारात येणाऱ्या.

तरी ट्रॅक्टर हलेना. ज्यांचा ट्रॅक्टर, ते अण्णा मान डोलावत होते, सगळं पटतंय म्हणत होते, आणि चावी काही काढत नव्हते. शेवटी त्यांना बाजूला घेतलं, तर पहिलंच वाक्य, "माश्या बघा एकदा आमच्या घरी येऊन."

गेलो. तात्यांच्या शेडपासून हाकेच्या अंतरावर घर, वाऱ्याच्या तोंडाशी. ओसरीवर पाण्याच्या हंड्याच्या झाकणावर माश्यांचा थर. नातीच्या ताटावर सूनबाई पदरानं वारा घालत बसलेली. पक्ष्यांना पाणी द्यायचे ड्रिंकर गळतात, खाली अंथरलेलं तूस ओलं होतं, त्या ओलीत माशी वाढते; यात कसली अफवा नाही. दोन वर्षं अण्णा तात्यांना सांगत होते आणि तात्या "बघू" म्हणत होते. कोरोनाचा मेसेज आला आणि अण्णांच्या ऐकून न घेतलेल्या तक्रारीला पाय फुटले. आधी माश्यांचं विचारायला हवं होतं असं तिथं वाटून गेलं, पण फोनवर तात्यांनी माश्यांचा म सुद्धा काढला नव्हता.

तात्यांना तिथंच बोलावलं. गळके ड्रिंकर बदलायचे, ओलं तूस काढून चुना टाकायचा, खत गावाबाहेर न्यायचं, हे सरपंचांसमोर कबूल करून घेतलं. तात्या आधी फणकारले, मग ओसरीवरचा तो हंडा बघून गप्प झाले. अंधार पडता पडता ट्रॅक्टर निघाला. पक्षी किलोला १२ रुपयांनी गेले.

त्या गावात तोडगा निघाला, पण बाकी जिल्ह्यात काय चाललं होतं ते रोज दिसत होतं. कुणी जिवंत पक्षी फुकट वाटले, कुणी खड्ड्यात पुरले. नवी पिल्लं कुणी टाकेना, खाद्य खपेना. खाद्यात निम्म्याहून अधिक मकाच असतो, त्यामुळे मार पुढे मक्यावर गेला आणि बाजार क्विंटलला १७६० रुपयांच्या हमीभावाच्याही खाली उतरला. कोंबडी न पाळणाऱ्या, कोंबडी न खाणाऱ्या माणसाचंही त्या फोटोनं नुकसान केलं.

एप्रिलअखेर अण्णांचा फोन आला. माश्या कमी झाल्यात म्हणाले, मग जरा घुटमळून, "घरात साठ पोती मका आहे. तुमची कंपनी घेईल का?"

आमच्या कारखान्यात तेव्हा खरेदीच बंद होती.