अहमदाबादच्या पोळांमधून फिरताना

अहमदाबादला गेलेली आपली मंडळी साबरमती आश्रम, रिव्हरफ्रंट, अडालजची वाव (पायऱ्यांची विहीर) एवढं बघून येतात. तेही बघाच, पण एक अख्खी सकाळ जुन्या शहरासाठी राखून ठेवा असं मी आता भेटेल त्याला सांगते. 2017 मध्ये युनेस्कोने याला जागतिक वारसा शहर म्हणून मान्यता दिली, भारतातलं पहिलं. आणि हा मान एखाद्या किल्ल्याला किंवा मशिदीला नाही तर राहत्या गल्लीबोळांसकट सगळ्या जुन्या शहराला आहे, म्हणून मला तिथे जायचंच होतं.

महापालिकेचा हेरिटेज वॉक 1997 पासून चालू आहे. सकाळी काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघतो आणि जामा मशिदीपाशी संपतो. मंदिर 1822 चं, लाकडी कोरीवकाम रंगीबेरंगी आणि एकदम जिवंत, पण मन अडकलं ते त्यानंतरच्या पोळांमध्ये.

पोळ म्हणजे आपल्या पेठेतलं एखादं बोळ समजा, फक्त त्याला तोंडाशी दरवाजा, आणि आत नात्यागोत्यातली किंवा एकाच धंद्यातली घरं एकमेकांना भिंती लावून उभी. मधल्या चौकात पक्ष्यांसाठी खांबावर उभा केलेला कोरीव चबुतरा, कोपऱ्यात देऊळ किंवा देरासर म्हणजे जैन मंदिर, आणि प्रत्येक दाराला ओटला, म्हणजे आपला ओटा. लांबेश्वरच्या पोळात गुजराती कवी दलपतराम यांचं घर होतं, तिथे त्यांचा पुतळा ओटल्यावर बसवलाय, चौथरा नाही कठडा नाही, पोरं शेजारी बसून मोबाईल बघत होती. मला हे फार आवडलं, मोठ्या माणसाचं स्मारक असंच लोकांच्या हाताला लागेल असं असावं.

एका घराच्या दारातली नक्षी बघत उभे होतो तर आतून एक काका म्हणाले, आवो आवो, बेसो. आम्ही मराठी म्हटल्यावर आणखी खुश. घर अरुंद पण खोल, मध्ये चौक, वरून सरळ आभाळ दिसतं, बाहेर ऊन चढलं होतं पण आत गार. काकांनी चौकातल्या फरशीवरचं पितळी झाकण उचललं आणि खाली टांकं! घराच्या पोटात बांधलेली पाण्याची खोली. गच्चीवरचं पावसाचं पाणी पाइपाने थेट आत येतं, पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडून द्यायचं, गच्ची धुवून निघाली की मग पाइप टांक्याकडे वळवायचा. आत उजेड जात नाही त्यामुळे पाणी बिघडत नाही, काका म्हणाले वर्षभर पितो. त्यांनी आम्हालाही तांब्या भरून दिलं, गोड पाणी, मी दोनदा घेतलं. आपण सोसायटीत रेनवॉटर हार्वेस्टिंगच्या मीटिंगा घेतो तेव्हा मला आता ते झाकण आठवतं.

भिंतींचंही तसंच. विटांच्या बांधकामात मध्ये मध्ये लाकडी तुळया घातलेल्या असतात, म्हणजे हादरा बसला की घर थोडं हलतं पण लगेच कोसळत नाही. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात अहमदाबादमध्ये नव्या सिमेंटच्या इमारती पडल्या आणि इथली बरीच लाकडी घरं मात्र उभी राहिली. जुनं म्हणजे धोकादायक असं जे सरसकट बोलतात ना, त्यांनी हे जरूर बघावं.

पण सगळं छान आहे असं नाही, आणि ते लपवून लिहिणं मला पटत नाही. काकांच्या शेजारची दोन घरं बंद होती, पलीकडच्यात मालाचं गोडाऊन, दारात खोक्यांची थप्पी. मुलं नदीपलीकडे सॅटेलाइट, बोपल या नव्या भागांत फ्लॅटमध्ये गेली, गाडी लावायला जागा नाही, जिने उभे, दंगलींच्या आठवणी आहेत, घराला वारस दहा आणि भाडं जुन्या कायद्यातलं, डागडुजी कोण करणार? मग आधी कोरीव खांब नि घोडे (सज्जाला खालून आधार देणारे लाकडी टेकू) सुटे सुटे जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला विकले जातात आणि मग उरलेलं पाडलं जातं. एका ठिकाणी भिंतीत नुसत्या खाचा दिसल्या जिथे कधीकाळी लाकडी घोडे होते, ते बघून मला भडभडून आलं कारण कसब्यातला माझ्या माहेरचा वाडा अगदी असाच गेला. चौकटी गेल्या, मग कडीपाटाचं लाकूड गेलं, आणि आज तिथे खाली दुकानं वर फ्लॅट. वारसांना दोष देत नाही, त्यांना दुसरा रस्ता कोणी दाखवलाच नव्हता.

इथे तो रस्ता थोडाफार आहे. वारसा यादीतल्या घरमालकाला न वापरलेला एफएसआय, म्हणजे त्या जागेवर आणखी बांधायचा हक्क, दुसरीकडे वापरायला टीडीआर म्हणून विकता येतो, तो पैसा दुरुस्तीला लागतो. टीडीआर आपल्याला काही नवीन नाही. पण मालकाच्या हातात पैसा आल्याशिवाय नुसती निळी पाटी लावून घर वाचत नाही हे इथे डोळ्यांनी दिसतं. सुतारही हवेत, जुन्या पद्धतीचा सांधा करणारे, चुना मळणारे. चार कुशल हात गेले की मग पैसा असूनही सिमेंटच फासलं जातं.

आणि हो, आपलाही हात लागलाय या शहराला. 1753 मध्ये रघुनाथराव आणि दमाजी गायकवाडांनी अहमदाबाद घेतलं, पुढे मराठी सत्ता इंग्रज येईपर्यंत राहिली. रायखडला गायकवाड हवेली आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर इथलेच वकील, इथल्या नगरपालिकेचेही अध्यक्ष होते. आपल्यापैकी कितीजणांना हे माहीत असतं!

शेवटी जामा मशीद. 1424 ची, आत 260 खांब, मिनार 1819 च्या भूकंपात पडले ते पडलेच. बाहेर पडलं की माणेक चौक, सकाळी भाजीचा आणि गुरांच्या चाऱ्याचा, दुपारी सराफांचा, रात्री खाण्याचा. तीन वेळा माणसं बदलतात पण जागा कधी रिकामी नसते, म्हणूनच ती टिकलीय असं मला वाटतं.

जाणार असाल तर हिवाळ्यात जा, वॉकला वेळेवर पोचा, बूट पटकन काढता येतील असे घाला कारण देवळं बरीच आहेत. आणि राहायला नदीपलीकडचं हॉटेल घेऊ नका, जुन्या शहरातल्याच खाडियात काही जुन्या हवेल्यांमध्ये आता होमस्टे झालेत, तिथे राहा, म्हणजे तुमचे पैसे त्याच लाकडाला तेलपाणी करायला जातील. उत्तरायणाला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, जायचं असेल तर फार आधी ठरवा. 14 जानेवारीला पलीकडे गेलेली सगळी मुलं पतंग उडवायला पोळात परत येतात, गच्च्या भाड्याने जातात, आणि काकांनी सांगितलं की त्या दिवशी त्यांच्या गच्चीवर उभं राहायलासुद्धा जागा नसते.