लाल माती अल्युमिनियमची, मान मात्र तांब्याला

आमच्या बेळगाव भागात कुणी नवी मोटर घ्यायला निघालं की दुकानात पाय टाकायच्या आधीच एक प्रश्न ठरलेला असतोय, वायंडिंग (आतली तारेची गुंडाळी) कॉपरचं आहे का ओ? मग ती बोअरची पाच एचपी असू दे, नाहीतर घरच्या टाकीवर पाणी चढवायची अर्धा एचपी. आणि दुकानदारानं जरा हळू आवाजात अल्युमिनियम म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात. गंमत म्हणजे असं तोंड वाकडं करणारी आपण माणसं ज्या मातीवर उभी आहोत ती अल्युमिनियमची माती आहे, आणि मोटरीतलं तांबं मात्र इथलं नाही.

आमच्या दाजींचं उद्यमबागेकडं रिवायंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरीत नवी तार भरायचं काम आहे, तिथं बसलं की हा विषय रोजच निघतोय. आता शेजारच्या काकांना येळ्ळूरच्या शेतासाठी मोटर घ्यायची होती आणि त्यांनी मला कॉपर-अल्युमिनियमचं सगळं विचारून घेतलं, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं.

आधी आकडे, कारण बाकी सगळं भांडण तिथूनच येतंय. तांब्याची घनता 8.96, अल्युमिनियमची 2.70, म्हणजे एकाच मापाचे दोन तुकडे हातात घेतले तर तांबं तिपटीहून जड. तांबं 1085 अंश सेल्सिअसला वितळतं, अल्युमिनियम 660 लाच. वीज वाहून न्यायच्या बाबतीत तांब्याला 100 धरलं तर अल्युमिनियम 61 वर येतं. हा 61 चा आकडा ऐकला की लोक म्हणतात बघा, निम्म्याच्या जरा वर, मग कशाला घ्यायचं. पण ही तुलना एकाच जाडीच्या तारेची आहे. एकाच वजनाची करून बघा, चित्र उलटं होतंय. तेवढीच वीज न्यायला अल्युमिनियमची तार जाडीला सव्वापट लागते, पण वजनाला तांब्याच्या निम्मीच भरते, आणि किलोचा भाव बघितला तर तांबं तिपटीहून महाग. आता तुम्हीच हिशोब करा.

म्हणून तर डोक्यावरून जाणाऱ्या लाइनी बहुतेक सगळ्या अल्युमिनियमच्या. खांबाखांबाला तांबं ओढायचं म्हटलं तर खांबही दणकट लागतील, पैसाही, आणि रात्रीत तार चोरीला जाईल ते वेगळंच. अल्युमिनियम मऊ असतंय, लांब अंतरावर स्वतःच्या वजनानं आणि वाऱ्यानं ताणून तुटेल, म्हणून मधोमध स्टीलची तार घालतात आणि तिच्याभोवती अल्युमिनियमच्या तारा पिळतात. या कंडक्टरांना नावं काय दिलीत तर प्राण्यांची, स्क्विरल, वीजल, रॅबिट, डॉग, पँथर, झेब्रा, मूस! जितकी मोठी लाइन तितकं मोठं जनावर. गावातल्या लाइनवर बहुतेक वीजल नाहीतर रॅबिट, दोन्हीत सहा तारा अल्युमिनियमच्या आणि एक स्टीलची. लाइनमन खांबावरून खाली ओरडतोय रॅबिट सोड रॅबिट सोड, नवख्या माणसाला वाटायचं ससा सापडला काय. शेताच्या कडेचा टीसी (पलीकडं चंदगडात डीपी म्हणतात) असतोय ना, त्यातल्याही बऱ्याच ट्रान्सफॉर्मरांच्या आत वायंडिंग अल्युमिनियमचंच. म्हणजे कॉपर कॉपर म्हणून आणलेल्या मोटरीपर्यंत वीज येते ती बहुतेक सगळा रस्ता अल्युमिनियमवरूनच.

आता मोटरीचं बघू, इथं मात्र तांब्याची बाजू खरंच भक्कम आहे. स्टेटरच्या, म्हणजे मोटरीच्या न फिरणाऱ्या भागाच्या पट्ट्यांमध्ये तार बसवायला ज्या खाचा असतात त्या ठरलेल्या मापाच्या, त्यांना ताणून मोठं करता येत नाही. तेवढ्या जागेत तांब्याची तार बसली तर बसली, तेवढ्याच ताकदीची अल्युमिनियमची तार सव्वापट जाड, ती मावतच नाही. मग कंपनी दोनपैकी एक करते, एकतर मोटरच मोठ्या मापाची बनवायची, म्हणजे ती चांगली चालते, तिला नावं ठेवायचं काही कारण नाही, नाहीतर त्याच खाचेत बारीक तार कोंबायची आणि मोटर गरम होऊ द्यायची. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढते, आधीच गरम असलेलं वायंडिंग मग जळतंय आणि ऐन पाण्याच्या वेळी मोटर दाजींच्या टेबलावर. जळलेल्या कॉपरच्या मोटरीत मूळचं तांबं काढून तिथं अल्युमिनियम भरून देणारेही बाजारात आहेत, आणि वरून इनॅमल (तारेवरचा इन्सुलेशनचा लेप) असं तांबूस की ओळखूच येत नाही. ही चक्क फसवणूक आहे, स्वस्तात करून दिलं म्हणून खूश होऊ नका.

आणखी एक, शंभर टक्के कॉपर म्हणून जी मोटर घेतो तिच्या पोटात फिरणारा रोटर असतोय ना, त्यात वितळलेलं अल्युमिनियम दाबानं ओतून सळ्या आणि दोन्ही बाजूची कडी एकदमच तयार केलेली असतात. साध्या तीन फेज मोटरीत बहुतेक ठिकाणी असंच. पाण्यात सोडायच्या काही सबमर्सिबलना तांब्याच्या सळ्यांचा रोटर येतोय, पण बाकी फिरतंय ते अल्युमिनियम. मी हे काकांना सांगितलं तर ते म्हणाले, म्हंजे आमाला फसवतात काय? नाही ओ काका, रोटरमध्ये ओतायला सोपं आणि हलकं म्हणून अल्युमिनियमच बरं पडतंय, तिथं त्याचं कौतुकच करायला पाहिजे.

तार ओळखायची कशी हे सगळेच विचारतात. रंगावर जाऊ नका. वरचं इनॅमल ब्लेडनं खरवडा, पांढरं चकाकलं तर अल्युमिनियम. पण खरवडून तांबडं दिसलं म्हणून लगेच विश्वास ठेवू नका, कारण वर तांब्याचा पातळ थर आणि आत अल्युमिनियम अशीही तार मिळते, म्हणून टोक कापून कापलेला भाग भिंगातून बघायचा, मधे पांढरं दिसतंय का ते. बारीक तार असेल तर लायटरवर धरा, अल्युमिनियमची लोंबून तुटते, तांब्याची लाल होऊन तशीच उभी राहते. दाजी तर हातात रीळ घेऊन वजनावरूनच सांगतात.

सगळ्यात जास्त घोळ होतोय तो जोडावर, आणि याबद्दल कुणी बोलत नाही. अल्युमिनियमला हवा लागली की लगेच त्याच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतोय, डोळ्याला दिसत नाही इतका पातळ. हाच पापुद्रा त्याला गंजण्यापासून वाचवतोय, पण वीज मात्र त्यातून जात नाही. शिवाय अल्युमिनियम तापलं की तांब्यापेक्षा जास्त फुगतं आणि स्क्रूखाली दाबून ठेवलं की हळूहळू बाजूला सरकतं. आज घट्ट आवळलेला स्क्रू वर्षभरानं ढिला, मग ठिणगी, मग जळका वास. जुन्या घरांत अल्युमिनियमचं वायरिंग आहे, 60-70 च्या दशकात तांबं मिळायची मारामार होती तेव्हाचं, तिथं स्विचबोर्ड अधूनमधून उघडून आवळावाच लागतोय. आणि तांबं नि अल्युमिनियम एकमेकांना थेट पिळून टेप गुंडाळली, की ओल लागल्यावर त्या दोघांत बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि त्यात अल्युमिनियम खाऊन जातंय. जांबोटी, कणकुंबीकडं पावसाळ्यात भिंतीसुद्धा पाझरतात, तिकडं असा जोड किती टिकणार. यासाठी तारेच्या टोकाला बसवायचे बायमेटल लग मिळतात, एका बाजूला अल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबं, ते वापरायचे. चहापाण्याच्या खर्चात येतात पण घालायचा कंटाळा.

स्वयंपाकघराचं थोडक्यात सांगतो. तांबं उष्णता नेण्यात अल्युमिनियमच्या दीडपटीहून पुढं, म्हणून न्हाणीतला बंब तांब्याचा. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यात जंतू कमी होतात हे खरं, पण म्हणून दिवसभर तेच पीत बसा असं नाही, जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यात तांब्याची मर्यादा लिटरला 2 मिलिग्रॅम धरलीय. आणि ताक, चिंच, आमसूल तांब्यात नको, कल्हई असेल तर गोष्ट वेगळी. तेच आंबट जर्मलच्या, म्हणजे अल्युमिनियमच्या भांड्यातही ठेवू नये, आंबटात तेही विरघळतंय.

आता मातीचं. चंदगड आणि त्याच्या वर राधानगरीकडची सह्याद्रीची पठारं आहेत ना, ती वरून जांभ्या दगडाची. लाखो वर्षांच्या पावसानं काळ्या खडकातली सिलिका धुऊन नेली, मागं लोखंड आणि अल्युमिनियम राहिलं, लोखंडामुळं माती लाल. जिथं अल्युमिनियम जास्त साठलं तिथं बॉक्साइट. हेच बॉक्साइट बेळगावात यमनापूरच्या हिंडाल्कोच्या कारखान्यात आणून कॉस्टिक सोड्यात शिजवून अल्युमिना (अल्युमिनियमचं ऑक्साइड) काढतात, ही कार्ल बायर या माणसानं 1880 च्या दशकात शोधलेली पद्धत, आणि मागं उरतोय तो लाल चिखल. साधारण चार टन बॉक्साइटमागं दोन टन अल्युमिना आणि त्यातून एक टन धातू. अल्युमिन्यापासून धातू करायला तो वितळलेल्या क्रायोलाइट नावाच्या क्षारात विरघळवून 950-960 अंशाला वीज सोडावी लागते, टनाला 13-14 हजार युनिट खातंय. म्हणूनच तर अल्युमिनियम पृथ्वीच्या कवचातला सगळ्यात मुबलक धातू, वजनाच्या आठ टक्के, तरी 1886 मध्ये हॉल आणि हेरू यांनी ही विजेची पद्धत काढेपर्यंत तो दुर्मिळ होता. 1884 मध्ये वॉशिंग्टनच्या त्या उंच स्मारकाच्या टोकावर वीज पडली तर ती खाली नेणाऱ्या दांडीचं टोक म्हणून काय बसवलं तर अल्युमिनियमचा छोटा पिरॅमिड, वजन 2.8 किलो!

तांबं उलटं. कवचात ते कमीच, पण खडकातून काढायला त्या मानानं सोपं, म्हणून माणसाच्या हाती हजारो वर्षांपूर्वी आलं. आपल्या खानापूर तालुक्यातल्या हलशीला कदंब राजांचे ताम्रपट मिळालेत, पाचव्या-सहाव्या शतकातले, जमिनी दान दिल्याचे. दीड हजार वर्षं झाली तरी अक्षर वाचता येतंय. राजाला टिकाऊ कागद पाहिजे होता, त्यानं तांबं निवडलं, आपण अजून तेच करतोय, फक्त दानपत्राऐवजी मोटरीत.

काकांना शेवटी मी सांगितलं ते असं, बोअरची मोटर कॉपर वायंडिंगचीच घ्या, तिथं जागा नाही आणि ती वर काढायची म्हणजे माणसं, कप्पी, अर्धा दिवस. मीटरपासून शेतातल्या पॅनेलपर्यंत केबल मात्र अल्युमिनियमची चालेल, फक्त माप वाढवा, चार स्क्वेअर एमएम तांब्याच्या जागी सहा अल्युमिनियम म्हणजे काठावर पास, अंतर लांब असेल तर सरळ दहा टाका. दोन्हीकडं बायमेटल लग, आणि पावसाळ्याच्या आधी मेन बंद करून सगळे स्क्रू एकदा आवळा. काकांनी केबल घेतली दहाची, मोटर कॉपरची, लग मात्र अजून घ्यायचेच आहेत, दाजींकडून आणून देतो म्हटलंय.