चादरीचा रंग पडद्यावर तसाच दिसावा म्हणून

२०२० च्या लॉकडाऊनपर्यंत आम्ही लग्नाची शूटिंग करायचो. मंगल कार्यालयं बंद पडली आणि हातचं कामच गेलं. त्याच दिवसांत सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखानदारांचा फोन आला. बाहेरगावचे व्यापारी माल बघायला येऊ शकत नव्हते, तेव्हा चादरी-टॉवेलचे व्हिडिओ करून द्याल का, असं ते विचारत होते. आमची दिशा तिथे बदलली.

पहिला व्हिडिओ फसला. ट्यूबलाइटखाली चित्रभर काळपट पट्टे सरकत होते. कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम (चित्रं) आणि १/६० सेकंद शटरवर होता. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, आणि १/६० शटर त्याच्याशी जुळत नाही. मेनूत एनटीएससी (३० फ्रेमची व्हिडिओ पद्धत) बदलून PAL (२५ फ्रेमची) केलं, २५ फ्रेम आणि १/५० ठेवलं, पट्टे गेले.

दुसरी अडचण मात्र पुरून उरली. जेकार्ड (मागावरच नक्षी विणलेल्या) चादरीच्या बारीक विणीवर इंद्रधनुष्यासारख्या लहरी यायच्या. याला मॉइरे म्हणतात. धाग्यांची जाळी आणि सेन्सरवरच्या पिक्सेलची जाळी एकमेकींत अडकते. लग्नात एखाद्याच्या सुटावर असं दिसलं तरी कुणी बोलत नसे. इथे वीण हाच माल. अंतर किंवा कोन थोडा बदलला की लहरी कमी होतात, पण दर वेळी नाही. म्हणून नवा कॅमेरा घेताना काळ्या-पांढऱ्या बारीक नक्षीची चादर पिशवीत घालून दुकानात गेलो. प्रत्येक कॅमेऱ्यावर ती आमच्याच कार्डावर शूट केली आणि घरी मॉनिटरवर १०० टक्के आकारात बघितली. सगळ्यात महागड्या कॅमेऱ्यावर लहरी जास्त होत्या. मधल्या किमतीचा घेतला, आजही तोच वापरतो.

उरलेले पैसे लाइटवर घातले. कारण एका व्यापाऱ्याने मरून रंगाच्या चादरींचा लॉट परत पाठवला होता, व्हिडिओत त्या लाल दिसल्या म्हणून. चूक आमची होती. स्वस्त एलईडीखाली लाल-मरून नीट उमटत नाहीत. आता ९५ च्या वर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप, कमाल १००) असलेले दोन लाइट, शॉटआधी रंग जुळवायला राखाडी ग्रे कार्ड आणि रंग अचूक दाखवायला कॅलिब्रेट केलेला मॉनिटर. तरी बघणाऱ्याच्या मोबाइलचा पडदा आपल्या हातात नाही, त्यामुळे मोठ्या ऑर्डरला कापडाचा तुकडा पाठवाच, असं आम्ही कारखानदारांना आवर्जून सांगतो.

मागाच्या खडखडाटात बोलणं ऐकूच येत नाही. मालकांना ऑफिसात बसवून कॉलर माइकवर बोलतं करतो, मागाचा आवाज वेगळा घेऊन खाली हलका लावतो.

एडिटिंगला डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती पुरते. ३८४० बाय २१६० पिक्सेलपर्यंत (म्हणजे फोरके) एक्स्पोर्ट मिळतो. यूट्यूबला फोरके देताना ३५ ते ४५ एमबीपीएस बिटरेट (दर सेकंदाला लागणारा डेटा) ठेवतो, नाहीतर बारीक वीण चिखल होते. जुना ८ जीबी रॅमचा लॅपटॉप सोलापूरच्या मे महिन्यात तापून हळू व्हायचा. त्याऐवजी ३२ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी आणि मोठे पंखे असलेला डेस्कटॉप जोडून घेतला. शिवाय यूपीएस, कारण रेंडर (तयार व्हिडिओची फाइल बनणं) चालू असतानाच लाइट जाते.

पुढची खरेदी ठरली आहे, मॅक्रो लेन्स. टेरी टॉवेलचे लूप (पृष्ठभागावरचे धाग्याचे वेढे) अजून हवे तितक्या जवळून दाखवता आलेले नाहीत.