पानगळ की जंगलतोड?

कोरड्या पानगळीच्या जंगलात उपग्रह प्रतिमा वाचताना सर्वांत जास्त फसवतो तो ऋतू. पावसाळा संपतानाची आणि कोरड्या हंगामाच्या अखेरची प्रतिमा शेजारी ठेवली, तर उभं जंगलही साफ झाल्यासारखं दिसतं. उलट भर पावसात तोडलेल्या जागेवर गवत माजतं आणि एनडीव्हीआय, म्हणजे प्रतिमेवरून काढलेला हिरवेपणाचा निर्देशांक, पुन्हा वर जातो. हिरवं गवत आणि हिरवं झाड यांत हा निर्देशांक फारसा फरक करत नाही.

म्हणून आधी तारखा ठरवा. खात्रीचं उभं जंगल आणि शेजारचं गवताळ माळ, दोन्हींचा वर्षभराचा एनडीव्हीआय आलेख काढा. पाऊस थांबल्यावर गवत आधी वाळतं, झाडांची पानं काही काळ टिकतात. दोन रेषांत जास्तीत जास्त अंतर पडतं, ते आठवडे आपल्या कामाचे. दरवर्षी तुलना त्याच आठवड्यांची करायची.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या प्रतिमा वापरत असाल तर एससीएल थरातले (प्रत्येक पिक्सेल कशाचा आहे हे सांगणाऱ्या थरातले) ३, ८, ९ आणि १० हे वर्ग, म्हणजे सावल्या आणि ढग, काढून टाका. उरलेल्या प्रतिमांचा मध्यक घ्या.

इथे एक चूक सर्रास होते. २५ जानेवारी २०२२ पासूनच्या नव्या प्रक्रियेत प्रत्येक पिक्सेलच्या आकड्यात १००० मिळवलेले असतात. समजा, खरे आकडे लाल पट्ट्यात ६०० आणि अवरक्त पट्ट्यात ३००० आहेत: दोन्हींच्या फरकाला बेरजेने भागलं की एनडीव्हीआय ०.६७. ते १००० वजा करायचे राहिले, तर तोच पिक्सेल ०.४३ दाखवतो. एकही झाड पडलेलं नसताना नकाशा लालेलाल होतो! जुन्या-नव्या प्रतिमा मिसळण्याआधी हे तपासाच.

वणव्याचा प्रश्न जास्त अवघड. जमिनीलगतचं गवत जळालं की एनबीआर, म्हणजे जळाल्याच्या खुणा दाखवणारा निर्देशांक, कोसळतो, पण झाडं बहुधा जिवंत असतात आणि पुढच्या पावसात पालवतात. अशा जागा ‘संशयित’ म्हणून ठेवा, पुढच्या वर्षी त्याच आठवड्यांत पुन्हा पाहा. तेव्हाही आकडा खालीच असेल, तरच तोड धरा. यात वर्ष जातं, पण वणव्याला तोड म्हणून नोंदवण्यापेक्षा हा उशीर परवडतो.

कोळशासाठी होणारी विरळणी मात्र या पद्धतीतून बरीचशी निसटते. २० मीटरच्या पिक्सेलमधलं एखादं झाड गेलं, तर आकडा जेमतेम हलतो. तिथे जास्त बारकाव्याच्या प्रतिमा हव्यात, किंवा प्रत्यक्ष जाऊन बुंधे मोजायला हवेत.