‘इनॉक्युअस’ची संगत

एकाच बाकावर मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू बोलणारी मुलं बसतात, त्या सोलापुरात शिकलेल्याला परक्या भाषेची धास्ती नसते. शाळेने व्याकरणही पक्कं करून घेतलं. पुढे अडतं ते शब्दाच्या संगतीपाशी. म्हणून स्मरणिकेतली माझी जागा एका इंग्रजी विशेषणाला देतो: इनॉक्युअस.

कोशात अर्थ सापडतो ‘निरुपद्रवी’. पण शेजाऱ्याला इनॉक्युअस म्हटलं तर ते कानाला खटकतं. माणसाला हार्मलेस म्हणतात. इनॉक्युअस शोभतो प्रश्नाला, शेऱ्याला, पदार्थाला, जंतूला. गाठ कर्करोगाची नसेल तर ती बिनाइन. लहान मुलाच्या हृदयात ऐकू येणारा, काळजीचं कारण नसलेला आवाज म्हणजे इनोसंट मर्मर. इथे अदलाबदल चालत नाही.

खरी गंमत पुढे आहे. इंग्रजी लिखाणात या शब्दाआधी बरेचदा ‘सीमिंगली’ (वरकरणी) येतं, नाहीतर मागे ‘लुकिंग’ जोडलेलं असतं. तसं दिसलं की समजावं, पुढे धोका आहे. मण्यारीचा दंश घ्या. जमिनीवर झोपलेल्याला रात्री ती चावते; दुखत फारसं नाही, सूज नसते, दातांच्या खुणाही धड दिसत नाहीत. काही तासांनी पापण्या जड होतात, मग श्वास अडतो. हा ‘इनॉक्युअस लुकिंग बाइट’. उलट घराच्या भिंतीवर चढणारा कवड्या साप खरोखर इनॉक्युअस, तरी पट्ट्यांमुळे मण्यार समजून मारला जातो. त्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचे शेपटीकडे ठळक. (फरक कळतो म्हणून हात मात्र लावू नये. दंश झालाच तर थेट सरकारी दवाखाना.)

स्पेलिंगमध्ये एन दोन: आय, एन, एन, ओ, सी, यू, ओ, यू, एस. मुळात लॅटिन ‘नोकेरे’ म्हणजे इजा करणे, त्याला नकाराचा ‘इन’ लागला. इनोसंटही त्याच घरातला. इनॉक्युलेटमध्ये (लस टोचणे) मात्र एन एकच, कारण तिथे ‘ओक्युलस’ म्हणजे डोळा आहे. आपल्याकडे कलम करताना बोरीला डोळा भरतात ना, तोच डोळा! हे कलम करणाऱ्याला सांगितलं तर तो स्पेलिंग विसरणार नाही.

उच्चारात जोर ‘नॉक’वर. कोणाला अपाय नाही ते सांगताना पुढे ‘टू’ हेच रूढ आहे: इनॉक्युअस टू ह्यूमन्स.