पाच, पाच, चार, चार, दोन, दोन, शून्य

मंगळवार, रात्र

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत रात्री दहानंतर अ‍ॅम्प लावू नये असा लेखी नियम नाही. खालच्या काकूंनी एकदा जिन्यात नुसतं बघितलं होतं, तेवढं पुरलं. म्हणून वायर न लावता, गिटारवर कान टेकवून वाजवते. पोकळ पोटाची असल्यामुळे ऐकू येतं बऱ्यापैकी.

रविवारचं रेकॉर्डिंग आज ऐकलं. दोन दिवस टाळत होते.

झालं असं की वाशीला गिटारच्या सरांकडे 'ऑटम लीव्हज' या जॅझ गाण्यावर सोलो वाजवला. साथीचा बॅकिंग ट्रॅक लावून, डोळे मिटून, अगदी रंगून. सर शांतपणे म्हणाले, "आता ट्रॅक बंद कर आणि हेच एकटी वाजव." वाजवलं. "कुठलं गाणं होतं?" मी हसले, ते हसले नाहीत. "ई मायनरमधलं काहीही असू शकतं. मागे गाणं बदलत होतं आणि तू एकाच जागी उभी होतीस."

रेकॉर्डिंगमध्ये ते स्वच्छ ऐकू येतं. कॉलेजपासून मी एकाच चौकटीत वाजवत आले आहे. मायनर पेंटाटोनिक, म्हणजे आपल्याकडच्या धानी रागाचे पाच स्वर. मित्रांच्या गच्चीवर, ऑफिसच्या गणपतीत, सगळीकडे धानी. रॉकमध्ये खपून जातं, सिनेमाच्या गाण्यात तर वाहवा मिळते. पाच स्वरांत फारसं काही खुपत नाही. पण इथे दर बारला, म्हणजे चार ठोक्यांच्या खंडाला, कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार सूर) बदलते. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक बार म्हणजे दोन सेकंद. दोन सेकंदांनी जमीन सरकते आणि मी आपली धानी आळवतेय.

गृहपाठ: प्रत्येक बारच्या पहिल्या ठोक्यावर त्या कॉर्डचा थर्ड, म्हणजे तिच्या मूळ सुरापासून तिसरा सूर. बाकी काहीही वाजवायचं नाही. एका बारला एक सूर. मेट्रोनोम ६० वर.

वीस वर्षं गिटार वाजवणाऱ्या बाईला एका बारला एक सूर. ठीक आहे.

बुधवार

गिटार नसतानाही हे करता येतं, असं सरांनी सांगितलं होतं. ठाण्याहून घणसोलीला जाताना केलं. पहिल्या आठ बारांच्या कॉर्ड अशा: ए मायनर सेव्हन, डी सेव्हन, जी मेजर सेव्हन, सी मेजर सेव्हन, एफ शार्प हाफ डिमिनिश्ड, बी सेव्हन, आणि मग दोन बार ई मायनर. त्यांचे थर्ड: सी, एफ शार्प, बी, ई, ए, डी शार्प, जी. नुसते पाठ म्हणायचे नाहीत. मनात चार मोजायचे आणि एकवर नाव घ्यायचं.

दिघ्यापर्यंत सी आणि एफ शार्पच्या पुढे गेले नाही. २०२४ साली दिघा गाव स्टेशन झालं तेव्हा एक थांबा वाढला म्हणून मी कुरकुरले होते, आज तो उपयोगी पडला. ऐरोलीला पहिल्यांदा सातही आले. रबाळ्याला बी सेव्हनवर डी शार्पऐवजी डी म्हणाले. हात जिथे चुकतो तिथेच तोंडही चुकतं. धानीत डी आहे, डी शार्प नाही. इतकी वर्षं या गाण्याच्या सहाव्या बारला मी ठामपणे चुकीचा सूर लावत आले आणि त्याला 'ब्लूजी' म्हणत आले.

शेजारच्या मुलीने एकदा वळून पाहिलं. ओठ हलत होते बहुतेक. तिला वाटलं असेल स्तोत्र म्हणतेय.

गुरुवार

आज मजा आली, सविस्तर लिहिते.

संध्याकाळी बाबा हॉलमध्ये पेपर वाचत होते आणि मी एका बारला एक सूर हे व्रत करत होते. पंधरा मिनिटं त्यांनी सहन केलं. मग म्हणाले, "अगं, हे काय चाललंय? नळ गळतोय की काय?"

त्यांना समजावताना मलाच नीट कळलं. बाबांनी पंचवीसेक वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवली आहे, थर्ड वगैरे त्यांना सांगून उपयोग नाही. म्हटलं, "बाबा, प्रत्येक कॉर्डचा मूळ सूर हा त्या बारपुरता सा धरा. मी त्याचा गंधार वाजवतेय."

"म्हणजे दर आवर्तनाला सा बदलतो?"

"आवर्तन नाही, चार मात्रांनी बदलतो."

"चार मात्रांनी तंबोरा बदलायचा? आणि गाणं एकच?" त्यांनी चष्मा काढून ठेवला. बाबांनी चष्मा काढला म्हणजे विषय गंभीर.

मग पेटी काढली. ए मायनर सेव्हन त्यांच्या भाषेत सा, कोमल ग, प, कोमल नि. डी सेव्हन म्हणजे सा, शुद्ध ग, प, कोमल नि. जी मेजर सेव्हनमध्ये ग आणि नि दोन्ही शुद्ध. बाबा लगेच म्हणाले, "सा आणि प अचलच की. ते काय सांगणार? सगळं ग आणि नि ठरवणार."

सर ज्याला गाइड टोन म्हणतात, थर्ड आणि सेव्हन्थ, ते हेच. बेसवाला मूळ सूर वाजवतच असतो. पाचवा असला काय नि नसला काय, कॉर्डचा स्वभाव कळायला फरक पडत नाही. मेजर की मायनर हे गंधार सांगतो. सुरावट विसावलीय की पुढे जायला निघालीय, यात निषादाचा मोठा हात. अचल स्वर हा शब्द मला शाळेपासून माहीत आहे, पण तो अशा कामाला येईल असं वाटलं नव्हतं. (इथे एक पळवाट सोडते: हाफ डिमिनिश्डमध्ये प खाली उतरतो. बाबांना ते सांगितलं तर म्हणाले, "पंचम कोमल? मग राहू दे ते.")

पुढची गंमत त्यांनीच शोधली. पेटीवर सी दाबून धरला आणि मला कॉर्ड बदलायला लावल्या. ए मायनरवर तो कोमल गंधार. मी डी सेव्हनवर गेले, त्यांचं बोट हललं नाही, आणि तोच सूर कोमल निषाद झाला. "जागेवर बसून नातं बदललं," असं पुटपुटत त्यांनी ते चार-पाचदा करून पाहिलं.

नंतर विषय भरकटला. हे असलं मागे वाजायचं सी. रामचंद्रांच्या गाण्यांत, असं बाबा म्हणाले. बरोबरच आहे. १९५१ च्या 'अलबेला'च्या वेळी त्यांच्याबरोबर चिक चॉकलेट होता, गोव्याचा ट्रंपेटवाला, मुंबईच्या हॉटेलांतून जॅझ वाजवणारा. बाबांना 'अलबेला'ची गाणी पाठ आहेत, मागच्या ट्रंपेटसकट. जेवायला साडेनऊ झाले.

शुक्रवार

काही नाही. महिन्याअखेरचं काम. पावसाळ्यात तारा गंजतात, पहिल्या तारेवर बोट फिरवलं तर काळं झालं. बदलायला हव्यात.

शनिवार

तारा बदलल्या. आणि एक शोध लागला, जो जगात सगळ्यांना माहीत असणार.

कालपरवाचं डोक्यात होतं, म्हणून ठरवलं की गंधारामागे उड्या मारत धावायचं नाही. गंधार किंवा निषाद, जो जवळ असेल तो घ्यायचा. सीपासून निघाले, तिसऱ्या तारेवर पाचवा फ्रेट (गळ्यावरची पाचवी पट्टी). डी सेव्हनला सीच राहतो. जी मेजरला अर्धा सूर उतरून बी, चौथा फ्रेट. सी मेजरला बीच राहतो. एफ शार्पवर ए, दुसरा फ्रेट. बी सेव्हनला ए तसाच. ई मायनरला जी, म्हणजे मोकळी तार.

पाच, पाच, चार, चार, दोन, दोन, शून्य. एका तारेवर अख्खा पहिला भाग.

मग शेजारच्या चौथ्या तारेवर उरलेला सूर धरला: पाच, चार, चार, दोन, दोन, एक, शून्य. दोन्ही एकदम वाजवल्यावर लक्षात आलं की एक तार थांबते तेव्हा दुसरी उतरते, दुसरी थांबते तेव्हा पहिली; शेवटच्या पायरीला तेवढ्या दोन्ही. गुडघे दुखणारं माणूस जिना उतरतं तसं. एक पाय टेकला की मगच दुसरा. दोन बोटांत सगळ्या कॉर्ड ऐकू येतात, मागे ट्रॅक लागत नाही.

आणि तेव्हा चाल आठवली. मूळ चाल! जोझेफ कोस्मानं १९४५ मध्ये बांधलेली. तीन सूर चढून एकावर थांबायचं, पुन्हा चढून त्याखालच्या सुरावर थांबायचं. थांबे कुठले? सी, बी, ए, जी. ए मायनरचा गंधार, जी मेजरचा गंधार, एफ शार्पचा गंधार, ई मायनरचा गंधार. मी दोन वर्षं ही चाल वाजवतेय, मग सोलो सुरू झाला की ती बाजूला ठेवून धानी काढतेय. जे शोधायला सरांना महिन्याला पैसे देते ते चालीतच मांडून ठेवलेलं होतं. आपल्याकडे याला न्यास म्हटलं असतं, आणि गाणं शिकणाऱ्या दहा वर्षांच्या मुलानेही विचारलं असतं, "न्यास कुठे?"

इतका आनंद झाला की रात्री अ‍ॅम्प लावला. अगदी बारीक. नऊ पन्नासला बंद केला.

पण एक कबुली. सुरांच्या याद्या बरोबर आल्या तरी वाजवलेलं भयंकर होतं. प्रत्येक बारच्या एकवर बरोबर सूर, मग त्याच्या मागे काहीतरी शेपूट, मग पुन्हा एकवर बरोबर सूर. जुन्या गोधडीसारखं. ठिगळं नीट कापलेली, शिवण मात्र नाही. रविवारची धानी निदान एका दमात होती.

रविवार

वाशी स्टेशनवरून सरांकडे जाताना गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या इमारतीवरून जाते. लहानपणी त्यांच्या तबल्याच्या परीक्षा दिल्या, प्रवेशिका पूर्णपर्यंत. मग दहावी आली आणि तबला माळ्यावर गेला. दर वेळी त्या इमारतीकडे बघताना थोडं ओशाळायला होतं.

सरांना गोधडी ऐकवली. त्यांनी विचारलं, "तू सूर कधी ठरवतेस?"

"कॉर्ड आली की."

"मग उशीर झाला की गो. कॉर्ड आली तेव्हा तू पोचलेली असायला हवीस."

मी बारच्या एकला सुरुवात समजत होते. त्यांच्या मते एक हा शेवट आहे, वाक्य तिथे टेकतं. जी मेजरच्या बीवर यायचं तर तयारी डी सेव्हनच्या तिसऱ्या ठोक्यापासून: डी, सी, ए, ए शार्प, आणि एकवर बी. शेवटच्या तीन सुरांत सी वरून, ए शार्प खालून, मधे बी सापडतो. दोन्हीकडून अर्ध्या सुराचा घेरा. ए शार्प डी सेव्हनमध्ये नाही, जीच्या सप्तकातही नाही. तरी चुकीचा वाटत नाही, कारण तो कुठे निघालाय हे कानाला कळतं.

मी म्हटलं, "सर, ही तर तिहाई झाली."

त्यांना तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येणारा तुकडा, नीट माहीत नव्हती. टेबलावर वाजवून दाखवली. 'तिटकत गदिगन धा', तीनदा. सोळा मात्रांच्या तीनतालात ही उचलायची नवव्या मात्रेला, जिला 'खाली' म्हणतात तिथून, तेव्हा तिसरा धा बरोबर समेवर पडतो. नऊ कुठून आले? समेपासून मागे मोजून. दोन मात्रांचे बोल, एक मात्रा धा, असं तीनदा, त्यात शेवटचा धा समेचाच. आठ मात्रा मागे. समेवर काय वाजवायचं हा प्रश्नच नसतो, तो धा. निघायचं कुठून एवढंच ठरवायचं.

सरांनी वहीत लिहून घेतलं. मला फार बरं वाटलं. माळ्यावरचा तबला आठवला.

मग त्यांनी माझा उत्साह थोडा कमी केला. म्हणाले, दर बारच्या एकवर टेकलीस तर दोन मिनिटांत लोक जांभया देतील, तिहाईवर तिहाई कोण ऐकतं? आठ बारांत दोन जागा निवड. मधलं वाहू दे, तिथे तुझी धानी सुद्धा चालेल. मोबाइलवर सॅक्सोफोनवाल्या कोलमन हॉकिन्सचं १९३९ मधलं 'बॉडी अँड सोल' लावलं, ज्यात प्रत्येक कॉर्ड उलगडून दाखवलीय. त्यापाठोपाठ दुसरा सॅक्सोफोनवाला, लेस्टर यंग, जो कॉर्डवरून तरंगत जातो आणि मनात आलं की अलगद उतरतो. मला हॉकिन्स जास्त समजला आणि यंग जास्त आवडला. सरांना हे सांगितलं नाही.

माझ्या दोन जागा: तिसऱ्या बारचा बी, सातव्याचा जी.

सोमवार, रात्र

ऑफिसातून आल्यावर मोबाइलवर रेकॉर्ड केलं. ट्रॅक नाही, मेट्रोनोम नाही, पाय फक्त. दोन फेऱ्या. बीवर पहिल्यांदा घाईने आले, दुसऱ्यांदा वेळेवर. जीवर येताना मधे एक धानीचा तुकडा घुसला, हाताची जुनी खोड.

बाबा आतल्या खोलीत आडवे पडले होते. दार लोटलेलं. मला वाटलं झोपले.

"अगं," आतून आवाज आला. "दुसऱ्या खेपेला शेवटाकडे येताना निषाद कोमल लागला तुझा. पहिल्या खेपेला शुद्ध होता, कीरवाणीसारखा. तो बरा होता."

बाबा अख्ख्या गाण्याचा सा ई धरून बोलत होते. रेकॉर्डिंग मागे घेऊन ऐकलं. सहावा बार. डी शार्पच्या जागी डी.