तुम्ही विचारलंत म्हणून : पाच तारांचा बेस का विकला

मी बेस गिटार वाजवतो, म्हणजे गाण्याखाली खालचे स्वर धरणारी गिटार. दर गणपतीत, दर लग्नसराईत आणि एरवी मिरजेत गेलो की हा प्रश्न ठरलेला. ‘काका, एवढा भारी पाच तारांचा का विकला?’ विचारणारी पोरं विशीतली असतात आणि त्यांच्या तोंडावर खरीच हळहळ असते, जणू मी ओलिताखालचं रान विकलंय. आजवर प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. कुणाला सांगितलं, खांदा धरतो. कुणाला सांगितलं, थोरलीची फी भरायची होती. एकाला तर २०१९ च्या महापुराचं नाव सांगून मोकळा झालो. तो लगेच गप्प झाला, कारण सांगलीत पुराचं नाव काढलं की पुढं कुणी विचारत नाही. पण ती धडधडीत लबाडी होती. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा गावभागातल्या आमच्या सरावाच्या खोलीत माझा अ‍ॅम्प बुडाला, हे खरं. पाच तारांचा बेस मात्र मी त्यानंतर दोन वर्षांनी घेतला.

तर आता एकदाच सांगतो. पुन्हा विचारू नका.

खांद्याचं अगदीच खोटं नाही. पावणेपाच किलोचं धूड गळ्यात अडकवून तीन तास उभं राहायचं आणि सकाळी नऊला मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर पट्ट्या लिहायला बसायचं, हे पन्नाशीत जमत नाही. त्यात तो नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. बॅटरी उतरली की आधी कागद फाटल्यासारखा आवाज येतो आणि मग काहीच येत नाही. दोनदा भर कार्यक्रमात हे झालं. तेव्हापासून शर्टाच्या खिशात बॅटरी ठेवायची सवय लागली, ती अजून सुटली नाही, बेस गेला तरी. पाचव्या तारेची तर वेगळीच रड. तार जितकी खालची तितकी लांबी जास्त हवी. ३४ इंच लांबीवर बी ची, म्हणजे ही पाचवी तार जरा ढिलीच राहते. मिरजेत एका तंबोरे करणाऱ्या कारागिराकडं मी नट, म्हणजे तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी, घासून घ्यायला गेलो होतो. गिटारवाल्यांपेक्षा त्यांचा हात बरा, हा माझा जुना अनुभव. त्यांनी ती तार बोटानं उचलून सोडली, कान जवळ नेला आणि म्हणाले, ‘खरज आहे खरा. पण बोलत नाही बघा, नुसता हलतोय.’

मला राग आला होता. नवीन वस्तूला नावं ठेवलेली कुणाला आवडतात?

कारण मी तो उगीच हौस म्हणून घेतला नव्हता. चार तारांच्या बेसचा सगळ्यात खालचा स्वर ई, म्हणजे पेटीवरची पांढरी तीन, ४१ हर्ट्झच्या आसपास. आमच्या पुरुष गायकांचा सा पांढरी एक, काळी एक, फार तर पांढरी दोन. म्हणजे त्यांचा सा अगदी खाली घ्यायचा म्हटलं तर तारच संपलेली असते, वरचा सा घेऊन भागवावं लागतं. पाचव्या तारेनं थेट ३१ हर्ट्झपर्यंत जाता येतं. तेव्हा मी पोरांना भाषण द्यायचो : अमेरिकेत गिटारी बनवणाऱ्या लिओ फेंडरनं १९५१ साली प्रिसिजन बेस काढला तो उभ्या बेससारख्या चार तारांचा, सत्तर वर्षं झाली, आपण तिथंच बसायचं का? चार तारांत भागतं म्हणणारे एक तर कंजूष असतात, नाही तर आळशी. हे माझे शब्द. ऐकणाऱ्यांपैकी दोघे तरी हे वाचतील, म्हणून कबूल करून टाकतो.

त्या भाषण देणाऱ्याला आज सांगावंसं वाटतं की बाबा रे, ई ची तार डी ला उतरवायला पाच सेकंद लागतात, झाली की तुझी पांढरी दोन. पण तो लगेच विचारेल, आणि काळी एकला काय करणार? तिथं मला उत्तर नाही. अमेरिकेतल्या मोटाऊन कंपनीच्या गाण्यांत बेस वाजवणारा जेम्स जेमरसन उजव्या हाताच्या एका बोटानं वाजवायचा आणि तुटल्याशिवाय तारा बदलायचा नाही. हे मला पाच तारांचा घेतानाही पाठ होतं. पाठ असून काय उपयोग?

आता कोजागरीचं.

२०२२ ची कोजागरी. एका संस्थेच्या सभासदांसाठी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम, मिरज रस्त्यालगतच्या एका लॉनवर. पाचच्या सुमाराला पाऊस आला आणि सगळा बाडबिस्तरा शेजारच्या पत्र्याच्या हॉलमध्ये हलवला. हॉल लांबुळका, फरशी गुळगुळीत, वर पत्रा. असल्या जागेत खालचे स्वर विहिरीत घागर बुडल्यासारखे घुमतात आणि लवकर विरत नाहीत. त्यात वर पावसाचा ताशा. कोपऱ्यात दोन पातेल्यांत दूध आटत होतं आणि केशराचा वास स्टेजपर्यंत येत होता.

गाणारे अण्णा. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, तेव्हा अडुसष्टचे. मला पहिला कार्यक्रम त्यांनीच दिला होता, २००९ मध्ये, जेव्हा माझ्याकडं बेस गळ्यात अडकवायचा धड पट्टासुद्धा नव्हता. पहाटे पाचला उठून तंबोऱ्याचं मशीन लावून सा लावणारा माणूस. त्यांनी माझ्या बेसला कधी बेस म्हटलं नाही, खरजच म्हणायचे. सुरू करण्याआधी मागं वळून विचारायचे, ‘खरज आहे ना रे? मग चला.’ आणि मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याकडं तोंड केलेला स्पीकर, त्याबद्दल साउंडवाल्याला एकच सांगायचे : मॉनिटरमध्ये मला ह्याला दे, बाकी काही नको. सगळे गायक मॉनिटरमध्ये स्वतःचा आवाज मागतात. अण्णा माझा मागायचे. हे लिहायला मला दोन दिवस लागले.

गाणं पांढरी दोनमधलं. दुसरं म्युझिक संपतं, ताल थांबतो, कीबोर्डवर नुसता डी चा कॉर्ड धरलेला असतो आणि गायक एकटा, बिनतालाचा, सा पासून मुखडा उचलतो. माझं काम इतकंच की खाली डी धरायचा आणि गप्प उभं राहायचं. मी बोट न दाबता मोकळी बी वाजवली.

चुकून नाही. दहा दिवस घरी हेडफोन लावून मी तेच वाजवत होतो. वर डी, एफ शार्प, ए वाजत असताना खाली डी असेल तर सरळ डी मेजर. तेच तीन स्वर तसेच ठेवून खाली बी आणला की ते बी मायनर सेव्हन होतं. वरच्या कुणी बोट हलवायचं नाही आणि सगळ्या गाण्याचा रंग पालटतो. बेसवाल्याच्या हातात एवढी सत्ता असते आणि ती कुणाला दिसत नाही, ह्याची मला तेव्हा नशाच होती. सरावाला मात्र मी ते वाजवलं नाही. वाजवलं असतं तर अण्णांनी वळून ‘हे काय नवीन?’ एवढंच विचारलं असतं, आणि मग मला ते करता आलं नसतं. पाचवी तार घेतली होती, पैसे मोजले होते, ती मोकळी सोडायला मिळावी म्हणून मी वर्षभर जागा हुडकत होतो.

बी सुटली आणि पत्रा थरथरला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी वर बघितलं. अण्णांच्या पायाशी मॉनिटर, त्यात फक्त मी, बाहेर पाऊस. त्यांना जो सा मिळाला तो त्यांनी घेतला. तो माझा बी होता. तिथून ते सा, रे करत गंधारावर गेले. त्यांचा गंधार आला काळी दोनवर आणि कीबोर्डवाल्याचा सा पांढरी दोनवर. शेजारशेजारच्या पट्ट्या एकदम दाबून बघा, म्हणजे त्या हॉलमध्ये काय वाजलं ते कळेल. कीबोर्डवाला दचकला. सावरायला म्हणून त्यानं पट्टी बदलायचं ट्रान्सपोजचं बटण दाबलं, ते घाईत उलट्या बाजूला. आता तिघं तीन गावांना. मी पटकन डी वर आलो, म्हणजे अण्णांनी जे धरलं होतं तेही मी काढून घेतलं.

अण्णांनी हात वर केला. सगळं थांबलं, पाऊस सोडून. त्यांनी माईक दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाले, ‘माफ करा मंडळी. सूर माझा चुकला. वयाचा दोष आहे, दुसऱ्या कुणाचा नाही.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. चांगली माणसं होती. मी माझ्या पट्ट्याचं बक्कल बघत उभा राहिलो.

त्यांनी गाणं पुन्हा घेतलं. या वेळी मी डी धरला, न हलता, आणि ते बिनचूक गायले. पण त्यानंतरची त्यांची दोन गाणी त्यांनी आमच्यातल्या गाणाऱ्या बाईंना द्यायला लावली. मध्यंतरात कुणीतरी माझ्या हातात दुधाचा पेला दिला. मी तो प्यायलो. परत येताना टेम्पोत अण्णा माझ्या शेजारी होते, बेसची केस माझ्या मांडीवर आडवी. थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, ‘सा च सापडंना रे. असं कधी झालं नव्हतं.’

मी म्हणालो, ‘होतं असं अण्णा. पाऊस होता.’

आता माझी बाजू. कीबोर्डवाला आजही म्हणतो की अण्णांचा सूर आधीपासून ढळत होता. विट्याच्या कार्यक्रमात ते वर जाताना उतरले होते, तिथं मी काही केलं नव्हतं. खरं आहे. मुरलेला गवई स्वतःचा सा स्वतःजवळ बाळगतो, असंही कुणी म्हणेल. म्हणू दे. मीही महिनाभर स्वतःला हेच म्हणत होतो. शिवाय एक पुरावा माझ्या बाजूचा आहे. संस्थेतल्या कुणीतरी ते गाणं मोबाईलवर घेतलं होतं आणि ते बऱ्याच जणांकडं फिरलं. फोनवर ऐका : कीबोर्ड सुरात आहे, म्हातारा गायक बेसूर सुरू होतो, थांबतो, माफी मागतो. माझा बी त्यात नाहीच. फोनच्या एवढ्याशा स्पीकरला ३१ हर्ट्झ झेपत नाही. चांगले हेडफोन लावले की खाली एक घरघर ऐकू येते, आणि ती कशाची ते ओळखायला बेस वाजवणाराच हवा. तुमच्यापैकी ज्यांनी तो तुकडा ऐकून ‘अण्णांचं संपलं आता’ असं म्हटलं, त्यांनी तो हेडफोन लावून पुन्हा ऐकावा, एवढीच विनंती.

बेस मी पुढच्या उन्हाळ्यात तासगावच्या एका पोराला विकला. चाळीस हजाराला, केससकट. त्यात वाद्याचा काय दोष, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो. बी काय, चार तारांच्या बेसवरही आहे. ए च्या तारेवर दुसरा फ्रेट दाबला की वाजतो. घात करायचाच असता तर तिथूनही करता आला असता. पण तिथून मी तो केला नसता, असं मला वाटतं. का, ते सांगता येत नाही. कदाचित मोकळी तार वाजवायला बोटसुद्धा लागत नाही म्हणून असेल. आणि खरं बोलायचं तर कधी कधी रात्री मला अजून वाटतं की तो बी सुंदर होता. सरावाला सांगितला असता, तर अण्णांनाही आवडला असता.

आता माझ्याकडं जुना चार तारांचा आहे, पुराच्या वेळी माळ्यावर होता म्हणून वाचलेला. तीन वर्षं तारा बदललेल्या नाहीत. काळी एकला अजून वरचाच सा घेतो. तासगावच्या पोराचा अधूनमधून फोन येतो, बी खुळखुळते म्हणून. त्याला मी मिरजेच्या त्या कारागिरांचा पत्ता दिला.

अण्णा हल्ली गात नाहीत. संकष्टीला गणपती मंदिरात भेटले होते. मी ठरवून गेलो होतो, आणि आम्ही हळदीच्या भावावर बोललो. तंबोऱ्याचं मशीन त्यांनी नातीला दिलंय म्हणाले. त्यांना हे वाचायला मिळणार नाही, मोबाईलवर ते फक्त फोन घेतात. त्यांचा मुलगा वाचेल. वाचून दाखवायचं की नाही ते त्याचं त्यानं ठरवावं, असं मी इथवर लिहीत आलो तेव्हा मनाशी म्हणत होतो. अण्णांचं घर आमच्या अडतीपासून चालत दहा मिनिटांवर आहे.